अज्ञानांची कामगिरी, पालकांचा हिशेब

कायद्याच्या परिभाषेत अठरा वर्षांखालील मुलास 'अज्ञान' म्हणतात. या शब्दात त्याच्या बुद्धीची निंदा नाही. त्याच्या शिरावर किती भार ठेवावयाचा याची मर्यादा आहे. अज्ञानाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही, आणि त्याच्या मिळकतीवर न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे हिशेब मागता येतो. मिळकत वाढली की घटली, हा प्रश्न पाल्याला नव्हे, पालकाला विचारावयाचा असतो. व्यवहारातला हा साधा न्याय क्रीडांगणावर मात्र आपण विसरतो. सतरा वर्षांखालील मुलांचा संघ देशाचे नाव छातीवर लावून मैदानात उतरला आणि हरला, की त्याने देशाची अब्रू घालविली असे म्हणावयाचे, आणि त्याच्याकडून एखादा गोल झाला, की दुसऱ्या दिवशी त्यास वीरपद द्यावयाचे, अशी आपली रीत पडली आहे. या दोन्ही टोकांपासून दूर राहून भारताच्या कुमार फुटबॉल संघाची कामगिरी तपासावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. भारताला तीत प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून. देवळांच्या उत्सवांतील नाटके आमच्या वाचकांना परिचयाची आहेत. ज्या घराकडे त्या रात्रीच्या उत्सवाचा मान, त्या घरच्या मुलाला एखादी भूमिका मिळते, आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु पडदा वर गेल्यावर प्रेक्षक मान पाहत नाहीत. ते आवाज ऐकतात. दिल्लीच्या नेहरू मैदानावर नेमके हेच झाले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेने भारताचा ३-० असा पराभव केला, ९ ऑक्टोबरला कोलंबियाने २-१ असा, आणि १२ ऑक्टोबरला घानाने ४-० असा. तीन सामने, तीन पराभव. केलेला गोल एक, स्वीकारलेले नऊ.

यांतला मधला सामना लोकांच्या विशेष स्मरणात राहिला, आणि तो राहण्यासारखाच होता. मध्यंतरापूर्वी राहुलचा फटका गोलखांबावर आदळून परतला नसता, तर कदाचित सामन्याचे रूप पालटले असते. उत्तरार्धात कोलंबियाने गोल केला. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकात भारतीय खेळाडूने केलेला हा पहिलाच गोल. जल्लोष ओसरण्यापूर्वीच, पुढच्या मिनिटाला, कोलंबियाच्या पेन्यालोसाने आपला दुसरा गोल करून सामना पुन्हा आपल्याकडे ओढला. आनंदाच्या क्षणी सावध कसे राहावे हे सतरा वर्षांच्या मुलाला उपजत ठाऊक नसते. ते अनेक कठीण सामन्यांतून शिकावे लागते. असे किती सामने त्याला मिळाले, हा प्रश्न मुलाला विचारण्याचा नव्हे.

कामगिरी मोजावयाची तर माप एकच हवे. निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे आकडे एका रांगेत मांडून काही सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही एकच साक्षीदार निवडतो, आणि त्याची जबानी निरनिराळ्या काळी घेतो. तो साक्षीदार इराण.

पहिली जबानी १९७४ सालची. त्या वर्षी बँकॉक येथील आशियाई युवक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत व इराण २-२ असे बरोबरीत राहिले, आणि अजिंक्यपद दोघांत वाटले गेले. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. हा इराण कच्चा नव्हता. १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षे तो या स्पर्धेचा एकटा किंवा संयुक्त विजेता होता. तेव्हा त्या दिवशी दोन्ही घरची मुले एका पायरीवर उभी होती, एवढे निर्विवाद. चार वर्षांनी, १९७८ साली, इराणचा मोठ्यांचा संघ विश्वचषकात खेळला. आपला मोठ्यांचा संघ आजवर विश्वचषकात एकही सामना खेळलेला नाही. मुले बरोबरीची होती. फरक पडला तो मुले मोठी होताना.

दुसरी जबानी गोमंतकातली. २०१६ साली सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा गोव्यात झाली, आणि तेथे इराणने भारतास ३-० असे हरविले. भारताचा तो संघ बराचसा पुढच्या वर्षी विश्वचषकात उतरलेल्या पिढीचाच होता. इराण त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात इराणची मुले पुन्हा गोव्यात आली आणि फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी जर्मनीस ४-० असे नमविले. यजमानाचा मान त्यांच्याकडे नव्हता; आशियातल्या चुरशीतून ती आपल्या पायांवर चालत आली होती.

तिसरी जबानी २०१८ सालची, मलेशियातली. सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारताने व्हिएतनामवर १-० असा विजय मिळविला, आणि इराण व इंडोनेशिया यांना ०-० असे रोखले. इराणविरुद्ध गोलरक्षक नीरज कुमारने पेनल्टी अडविली. गटातील तीन सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, आणि सोळा वर्षांनंतर भारत या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तेथे दक्षिण कोरियाने १-० असे हरविले. तो सामना जिंकला असता, तर पुढील विश्वचषकाचे दार यजमानाच्या मानाने नव्हे, स्वतःच्या हक्काने उघडले असते. आमच्या मते भारतीय कुमार फुटबॉलच्या अलीकडच्या काळातली ही कामगिरी २०१७ च्या विश्वचषकाहून कितीतरी सरस होय. परंतु घरच्या मांडवातला तो एक गोल सर्वांच्या ध्यानात आहे, आणि परमुलखातले हे तीन सामने फार थोड्यांच्या.

तथापि स्तुती करतानाही तोल सुटू नये. त्या चार सामन्यांत भारताने केलेला गोल एकच, आणि तोही पेनल्टीवर. बचाव शिकविला गेला होता. चढाई शिकविणे राहिले होते. २०२३ साली थायलंडमध्ये सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत जपानविरुद्ध भारताने चार गोल केले, पण आठ स्वीकारले. म्हणजे चढाई आली तेव्हा बचाव गेला. या दोहोंचा मेळ काही अंशी दिसला तो चौथ्या जबानीत. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबाद येथे पिछाडीवरून खेळ उचलून भारताच्या मुलांनी इराणला २-१ असे हरविले आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. एका सामन्यावरून सिद्धान्त काढू नये, हे खरेच. परंतु ज्या प्रतिस्पर्ध्याने घरी येऊन तीन गोल केले होते, त्याच्यावर मागे पडूनही मात करणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

या पुराव्यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. २०१८, २०२३ आणि २०२५ या तिन्ही वेळी संघाचे प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस होते. उलट २०१७ च्या संघास विश्वचषक अवघ्या काही महिन्यांवर आला असता प्रशिक्षक बदलून मिळाले. जर्मन निकोलाय ॲडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. नव्या प्रशिक्षकांच्या योग्यतेविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु पंक्तीला पाने मांडल्यावर आचारी बदलावा लागला, तर वाढप्यांस दोष देता येत नाही. प्रशिक्षक एकच राहिला म्हणजे यश येतेच, असेही आम्ही म्हणत नाही. मुलांना ओळखणारा माणूस त्यांच्याजवळ टिकला, तर निदान चूक कोठे होते ते त्याला कळते.

पालकांच्या हिशेबातील आणखी काही रकमा पाहण्याजोग्या आहेत. विश्वचषकानंतर त्या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. ज्यांना मोठ्या क्लबांनी बाकावर बसवून ठेवले असते, त्यांना तेथे दर आठवड्यास खेळावयास मिळे. २०२२ साली तो संघ बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कारभारातील बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने भारतीय महासंघास निलंबित केले, आणि मुलींची विश्वचषक स्पर्धा दोन महिन्यांवर आली असता ती आपल्या हातून जाते की काय अशी वेळ आली. निलंबन उठले आणि ऑक्टोबरात स्पर्धा झाली. परंतु अमेरिका, मोरोक्को व ब्राझील यांविरुद्ध आपल्या मुलींवर एकंदर सोळा गोल झाले आणि त्यांना एकही करता आला नाही. मोठ्यांचे भांडण ज्या घरात चालू आहे, तेथे अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर कोणी कसली टीका करावी?

गोमंतकीय वाचकांनी आपल्या अंगणाकडेही एकदा पाहावे. फुटबॉल गोव्यात पाद्र्यांच्या शाळांतून आला, म्हणून आपल्यापैकी काही घरांत तो दुसऱ्यांचा खेळ मानला गेला. वस्तुतः धेंपो व साळगावकर या घराण्यांच्या संघांनी राष्ट्रीय लीगची अजिंक्यपदे अनुक्रमे पाच वेळा व दोन वेळा गोव्यात आणली. हे दोन्ही संघ २०१६ साली, देशातील स्पर्धांची नवी मांडणी मान्य नसल्याने, आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो काही वर्षांनी परतला. पण मधल्या काळात शिकाऊ मुलाला जी शिडी दिसावयास हवी होती, तिची वरची पायरीच नाहीशी झाली. २०१७ च्या एकवीस जणांच्या भारतीय संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती, कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि गोमंतकीय एकही नव्हता. विश्वचषकाचे सामने मात्र गोव्यात भरले! मैदान आपले आणि मुले दुसऱ्यांची, हे चित्र भूषणावह म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल की, कुमारांच्या निकालांना एवढे महत्त्व कशास? अखेर मोठ्यांचा संघच देशाची पारख ठरवितो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मुलांच्या सामन्यात जय मिळाला की नाही, हे गौण असेल. पण ती मुले पुढे कोठे गेली, हे गौण नाही. २०१७ च्या त्या हरलेल्या संघातून जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम व अन्वर अली राष्ट्रीय संघात आले. अन्वरला हृदयविकाराच्या निदानामुळे थांबविण्यात आले होते, आणि खेळण्याच्या परवानगीसाठी २०२० साली त्याला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नऊ गोल स्वीकारलेल्या संघातून एवढे निष्पन्न झाले, आणि १९७४ च्या अजिंक्य संघानंतर देशाची पायरी खाली आली. यावरूनच निकाल व संगोपन या भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट व्हावे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, कुमार संघाची कामगिरी वाचताना गोलांच्या आकड्यांबरोबर तीन प्रश्न विचारले जावेत. या मुलांना वर्षभरात कितीदा तोलामोलाचे सामने खेळावयास मिळाले? त्यांचा शिक्षक त्यांच्याजवळ किती काळ टिकला? आणि अठरावे वर्ष ओलांडल्यावर त्यांच्यासाठी जागा होती काय? या प्रश्नांची उत्तरे महासंघाने, क्लबांनी, आणि आपल्या गावात खेळाच्या मैदानासाठी कधी शब्दही न टाकणाऱ्या आपण सर्वांनी द्यावयाची आहेत. मुलांनी आपली जबानी मैदानावर दिलेली आहे.