जहाजाची फळी आणि रोजची गोळी

थिसिअसच्या जहाजाचे कोडे प्लुटार्कने नोंदवून ठेवले आहे. जहाजाची कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. असे करता करता सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले का? आनंद गांधी यांच्या २०१२ सालच्या 'शिप ऑफ थिसिअस' या चित्रपटाने हे कोडे अवयव-प्रत्यारोपणाला लावले आहे. दृष्टी परत मिळालेली छायाचित्रकार आलिया, यकृताच्या आजाराने खंगलेला साधू मैत्रेय आणि मूत्रपिंडाचे रोपण झालेला शेअर दलाल नवीन अशा मुंबईतील तिघांच्या या कथा. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. वरच्या वर्गात त्यावर चर्चा जरूर घडवावी. मात्र त्याआधी आम्हाला एक हरकत नोंदवायची आहे.

फळी जहाजात मुकाट्याने बसते, अवयव तसा बसत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि त्याच्यावर हल्ला चढवतात. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. तीही ठरलेल्या वेळी, बहुधा दिवसातून दोनदा आणि सहसा जन्मभर. मात्रा कमी पडली तर शरीर अवयव नाकारते. जास्त झाली तर जंतुसंसर्गाची भीती. म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर ही उपमाच अडते. जुनी मूत्रपिंडे सहसा काढतच नाहीत. नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. म्हणजे जुनी फळी जागेवरच आणि नवी शेजारी!

हा रोजचा व्यवहार चित्रपटाच्या दृष्टीने गौण आहे. त्यामुळे मैत्रेयच्या कथेत एक मोठी संधी हुकली, असे आम्हाला वाटते. प्राण्यांवर चाचण्या होतात म्हणून तो औषधे नाकारतो आणि मरणाच्या दारात पोचल्यावर उपचार स्वीकारतो. कथेच्या लेखी त्याचा पेच तिथे सुटला. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही प्राण्यांवरच तपासली गेली आहेत. म्हणजे ज्या प्रश्नाला त्याने एकदा उत्तर दिले, तोच प्रश्न आता रोज सकाळ-संध्याकाळ गोळी हातात घेताना त्याच्यापुढे उभा राहणार.

त्या मानाने आलियाची कथा अधिक खरी उतरली आहे. दिसू लागल्यावर तिला आनंदाबरोबर गोंधळही वाटतो आणि स्वतःची नवी छायाचित्रे पसंत पडत नाहीत. 'शस्त्रक्रिया झाली, सुखी झाली' असा सोपा शेवट दिग्दर्शकाने टाळला आहे. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बदलल्यावरही डोळ्यात थेंब घालावे लागतात आणि नजर स्थिरावायला कित्येक महिने जाऊ शकतात. मात्र निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने तो नाकारला जाण्याचा धोका इतर अवयवांपेक्षा कमी असतो.

ही हरकत केवळ शास्त्रीय काटेकोरपणाची नाही. प्रत्यारोपणानंतर शाळेत परतलेल्या मुलाबाबत आपण दोन चुका करतो. एक तर त्याला काचेच्या भांड्यासारखे जपतो, नाहीतर 'आता बरा झालास ना' म्हणून सारे विसरून जातो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याला खेळू द्यावे; फक्त पोटावर मार बसेल असे खेळ टाळावेत. गोळीची वेळ झाली तर तास चालू असतानाही ती घेऊ द्यावी. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी पालकांना कळवावे.

चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना एक काम द्यावे: मैत्रेयची एका वर्षानंतरची दिनचर्या, सकाळपासून रात्रीपर्यंत, लिहून आणायला सांगावी. चित्रपटात न आलेला भाग मुले स्वतःच शोधून काढतील.