मूळ, नक्कल आणि दुरुस्ती : जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांची पाठचिकित्सा

नाणी, पोथ्या, दिवे, अडकित्ते, ध्वनिमुद्रिका यांचा संग्रह करणाऱ्यांना आपल्याकडे मान आहे. पुण्यातल्या केळकर संग्रहालयात अडकित्ता पाहायला लोक तिकीट काढून जातात. जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचा संग्रह मात्र अजून पोरखेळच समजला जातो. या लेखात त्याचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. या छंदाबरोबर ‘मूळ’ वस्तू कशाला म्हणायचे याची एक कल्पना जगभर रूढ झाली आहे, तिची चिकित्सा मला करायची आहे. ती कल्पना आपण जशीच्या तशी घेतली, तर आपल्याकडे जे जपण्यासारखे आहे तेच आधी भंगारात जाईल, असे माझे म्हणणे आहे.

विषय मोठा आहे, म्हणून एकाच कुळापुरते बोलतो. जपानच्या निन्तेंदो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात फॅमिकॉम बाजारात आणला. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांची. १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत, एनईएस या नावाने अमेरिकेत गेले. फॅमिकॉमचे उत्पादन २००३ पर्यंत चालले. सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस कंपनीने त्याची दुरुस्तीही थांबवली. तेव्हापासून हे यंत्र चालू ठेवणे सर्वस्वी हौशी माणसांच्या हातात आहे. मीही त्यांतलाच. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते यंत्रे उघडून आणि जाणकारांच्या शेजारी बसून.

बंद डबा

२०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजारांना विकली गेली. ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ची एक प्रत २० लाखांवर पोहोचली. अशा प्रतींना तज्ज्ञ गुण देतात आणि पारदर्शक पेटीत कायमच्या बंद करतात. जी प्रत कोणी कधी खेळलीच नाही, ती सर्वांत मौल्यवान ठरते.

या मूल्यव्यवस्थेतली विसंगती त्या झेल्डाच्या कॅसेटमध्येच आहे. खेळाडूने कुठवर मजल मारली हे लक्षात राहावे म्हणून तिच्या पाटीवर एक बटण सेल डाग देऊन बसवलेला असतो. तो सेल सीलबंद डब्यातही हळूहळू संपत असतो. एखादा सेल गळतो आणि तांब्याच्या रेषा खातो. आत काय झाले आहे हे मालकाला पाहता येत नाही, कारण पाहण्यासाठी सील तोडावे लागेल आणि सील तुटले की किंमत गेली. लाखो डॉलर मोजून घेतलेली पोथी उघडता येत नाही आणि आत वाळवी लागली तरी कळत नाही, अशी ही अवस्था. ज्याला तो गुंतवणूक म्हणून हवा त्याने जरूर घ्यावा. पण याला जतन म्हणणे मला मान्य नाही.

दुरुस्ती हे एक वाचन

याउलट जो माणूस यंत्र उघडतो, त्याला ते यंत्र असे का घडले हे वाचावे लागते. एनईएसचे उदाहरण घ्या. या यंत्राचा लाल दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो आणि चित्र येत नाही, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध तक्रार. कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. व्हिडिओ कॅसेट प्लेअरसारखे दिसावे म्हणून अमेरिकी आवृत्तीत कॅसेट समोरून आडवी सरकवून खाली दाबण्याची सोय केली गेली. त्यासाठी बसवलेल्या ७२ पिनांच्या खाचेतल्या पट्ट्या वर्षानुवर्षे वाकून सैल होतात. दुसरे म्हणजे, परवान्याशिवाय बनवलेल्या कॅसेट चालू नयेत म्हणून यंत्रात एक पहारेकरी चिप आहे आणि तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये आहे. दोघींचे बोलणे जुळले नाही की पहारेकरी यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करते. म्हणजे तो लाल दिवा निव्वळ बिघाड दाखवत नाही. सैल पिना आणि कंपनीचे व्यापारी धोरण दोन्ही त्यात एकत्र दिसतात. जपानी फॅमिकॉममध्ये कॅसेट वरून उभी बसते आणि पहारेकरी नाही, म्हणून हा रोगही नाही.

कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारण्याचा विधी जगभरच्या मुलांनी आपापल्या घरी शोधून काढला. आपल्याकडेही तो होताच. गुण यायचा तो बहुधा काढून पुन्हा बसवल्याने. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या उलट गंजतात. योग्य उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा.

कंट्रोलरचेही तसेच. बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या तळाला कार्बनचा काळा ठिपका. बटण दाबले की तो ठिपका पाटीवरच्या दोन रेषा जोडतो. बटण दाद देत नसेल तर दहांपैकी आठ वेळा या दोन पृष्ठभागांवरची घाण पुसणे पुरते. डाव्या अंगठ्याखालचा अधिकचिन्हासारखा चौदिशा खटका गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या हातातल्या ‘डाँकी काँग’ खेळण्यासाठी योजला आणि तोच फॅमिकॉमवर आला. सुरुवातीच्या फॅमिकॉमची बटणे चौकोनी आणि रबरी होती. ती अडकून बसत, म्हणून पुढे गोल प्लास्टिकची आली. बटणाच्या आकारावरून यंत्राची पिढी ओळखता येते, जशी अक्षराच्या वळणावरून पोथी.

यंत्र हाताळल्याशिवाय खेळाची संहिता कळत नाही, याचा माझा आवडता पुरावा पुन्हा झेल्डातलाच आहे. त्यात मोठ्या कानांचा एक शत्रू आहे. अमेरिकी माहितीपुस्तिका सांगते की त्याला मोठा आवाज सहन होत नाही. अमेरिकी मुलांनी खेळातली बासरी वाजवून पाहिली, काही झाले नाही. कारण ते वाक्य जपानी आवृत्तीतून आले होते. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर छोटा मायक्रोफोन आहे आणि जपानी मूल त्यात ओरडले की तो शत्रू मरतो. अमेरिकी यंत्रात मायक्रोफोन नाही. सूचना तेवढी मागे राहिली. पोथ्यांच्या नकला करताना संदर्भ सुटलेला शब्द तसाच पुढे जातो, तसाच हा प्रकार. हे कोडे संहितेत कितीही शोधले तरी सुटत नाही. त्यासाठी दुसरा कंट्रोलर हातात घ्यावा लागतो.

आपला पाठ

आता आपल्याकडे येतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत जे यंत्र आले ते निन्तेंदोचे नव्हते. ती फॅमिकॉमची नक्कल होती, बहुधा तैवानी चिपांवर बनलेली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी यंत्रे मिळत. निन्तेंदो हे नावही अनेकांनी ऐकले नव्हते. त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि खेळाला ‘कॅसेट’. आज आंतरराष्ट्रीय संग्राहकांच्या लेखी अशा यंत्राची किंमत जवळपास शून्य आहे.

मला मात्र ती नक्कल म्हणजे स्वतंत्र पाठ वाटते, आणि हे केवळ भावनेने म्हणत नाही. जपान आणि अमेरिकेत दूरदर्शन संच सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत. आपल्या पाल पद्धतीत ५० वेळा. मारिओसारख्या खेळांत हालचाल आणि संगीत दोन्ही या ठेक्यावर चालतात. त्यामुळे ६० च्या हिशेबाने लिहिलेला खेळ ५० च्या यंत्रावर सुमारे १७ टक्के संथ होतो. युरोपात विकल्या गेलेल्या अधिकृत एनईएसच्या मुख्य चिपचा वेगही कमी, १.६६ मेगाहर्ट्झ होता, मूळचा १.७९. म्हणून तिथे न बदललेल्या खेळाची चाल संथ होई आणि स्वरही खाली येई. तैवानी नकलांत हा वेग १.७७ ठेवलेला असतो. परिणामी स्वर जवळजवळ मूळ पट्टीत राहतो आणि लय तेवढी विलंबित होते. चाळिशी-पन्नाशीतली माणसे आज मारिओचे संगीत मोबाइलवर ऐकून ‘हे घाईत वाजतंय’ म्हणतात. त्यांचा कान बरोबर असतो. त्यांनी ऐकलेली लय वेगळी होती आणि ती त्या ‘नकली’ यंत्रातच शिल्लक आहे.

‘काँट्रा’ चे पाहा. १९८८ च्या जपानी आवृत्तीत कोनामी कंपनीची स्वतःची चिप आहे. तिच्यात टप्प्यांमधली चित्रदृश्ये आणि नकाशा आहे. अमेरिकी आवृत्तीत ते गळले. युरोपात तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावाने आला आणि माणसांच्या जागी यंत्रमानव झाले. माझ्याकडच्या जुन्या बाजारातून आणलेल्या कॅसेटांत अमेरिकी पाठ आहे, पण शीर्षकपटलावरची हक्काची ओळ पुसलेली. ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेटमध्ये तर मूठभर खेळ वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मांडलेले असतात. कोणत्या खेळाला कोणते नाव दिले, काय पुसले, काय ठेवले, ही नक्कलकाराची खूण आहे.

पाठभेदांशी कसे वागावे हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हाती आलेल्या प्रतींत पाठ बिघडले होते. विसाव्या शतकात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, ती हजाराहून अधिक हस्तलिखिते पडताळून. स्वीकारलेला पाठ वर छापला, पण नाकारलेले पाठ फेकले नाहीत, तळटीपेत ठेवले. यंत्रांच्या संग्राहकांनी यातली शुद्धतेची ओढ तेवढी घेतली, तळटीप घेतली नाही.

किती दुरुस्त करावे

दुरुस्ती करणाऱ्यांचाही एक अतिरेक आहे. जुन्या यंत्रांचे प्लास्टिक ऊन आणि हवा लागून पिवळे पडते; कधी एकाच पेटीचा वरचा भाग पिवळा आणि खालचा पांढरा राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग परत येतो, पण काही काळाने पुन्हा पिवळेपणा येऊ शकतो. मी हे करत नाही. पिवळेपणाने यंत्र बंद पडत नाही, आणि ते कुठे, कसे ठेवले होते याची ती नोंद असते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गोष्ट वेगळी. त्यांतला द्रव गळला तर पाटी खराब होते. तिथे वाट पाहणे म्हणजे नुकसान. ते बदलावेत. मात्र काढलेले भाग एका पाकिटात, तारीख घालून, यंत्रासोबत ठेवावेत. कॅसेटचा सेल बदलताना तर आणखी सावध राहावे. पर्यायी वीज न देता सेल काढला की त्यातल्या नोंदी पुसल्या जातात. एखाद्या मुलाने तीस वर्षांपूर्वी घातलेले आपले नाव तिथे असते. आधी ते वाचून लिहून घ्यावे, मग डाग सोडवावा.

माझे नियम तीनच आहेत : जे मागे घेता येत नाही ते शक्यतो करू नये, जे केले ते वहीत लिहावे, आणि यंत्र चालते ठेवावे.

आपल्या नकलांच्या बाबतीत एक अडचण मात्र नियमांनी सुटत नाही. आधीच्या यंत्रांत सुट्या चिपा होत्या. एक बिघडली तर दुसऱ्या यंत्रातली बसवता येई. पुढे सगळे मंडल एकाच चिपेत आले आणि तिच्यावर काळ्या राळेचा थेंब ओतला गेला. तो थेंब उघडता येत नाही. यंत्र मेले की मेले. म्हणून सुट्या चिपांचे जुने यंत्र भंगारवाल्याकडे जाताना पाहिले की मला जास्त वाईट वाटते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ही चोरीची कला आहे, ती कशाला जपायची? मूळ निर्मात्यांचे हक्क बुडाले, हे खरेच. पण जतन म्हणजे समर्थन नव्हे. काय घडले याचा पुरावा नष्ट केल्याने कोणाचा हक्क परत मिळत नाही. शिवाय अधिकृत व्यवस्थाही खेळ जपते असे दिसत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इम्युलेटर असताना यंत्र कशाला? संगणकावर फॅमिकॉमची हुबेहूब वागणूक उभी करता येते. पण ती उभी करण्यासाठी आधी कोणीतरी खरे यंत्र मोजावे लागते. चांगल्या इम्युलेटरांत जपानी-अमेरिकी आणि युरोपीय या पर्यायांसोबत ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय असतो. डेंडी ही १९९२ पासून रशियात विकली गेलेली फॅमिकॉमची नक्कल. ५० चा ठेका आणि १.७७ चा वेग, म्हणजे आपल्या घरातल्या यंत्राची चाल, आज जगाला त्या रशियन नावाने माहीत आहे. तिथे नकलेलाही नोंदीत जागा मिळाली. आपल्या यंत्रांना आपले नाव मिळालेले नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देण्याचा आपला १९५४ चा कायदा पुस्तकांसाठी, पुढे वृत्तपत्रांसाठी झाला. कॅसेट त्यात बसत नाही. पुण्यात चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. या यंत्रांच्या बाबतीत तेवढा उशीर अजून झालेला नाही. माळ्यावर असे यंत्र असेल तर ते विकण्यापूर्वी पेटीवरचे नाव, पाटीवर छापलेले क्रमांक, कॅसेटवरची चित्रे आणि ते कुठे, कितीला घेतले होते एवढे लिहून ठेवा. यंत्र बंद असले तरी चालेल. दुरुस्ती पुढे कोणीतरी करेल, पण ही माहिती घरातल्या माणसांनाच ठाऊक असते.