निर्दोषतेचा हव्यास आणि लोकाराधन

सर्वांना संतुष्ट ठेवण्याची इच्छा आणि आपल्या लेखनात तिळमात्र उणीव राहू नये हा अट्टाहास, या दोन वृत्ती वरकरणी परस्परविरोधी भासतात. पहिली दुबळेपणाची मानली जाते, दुसरी कलानिष्ठेची. परंतु दोहोंचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि ते म्हणजे नापसंतीचे भय. कोणाला बोट ठेवण्यास जागा उरू नये एवढ्यासाठीच जो आपली ओळ घासूनपुसून काढतो, त्याचे लक्ष ओळीपेक्षा श्रोत्यांच्या मुद्रेकडेच अधिक असते.

मोरोपंतांचे (१७२९–१७९४) उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बारामतीच्या नाईकांचा आश्रय लाभलेल्या या कवीने १०८ रामायणे रचली, अशी प्रसिद्धी आहे. त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण येऊ द्यावयाचा नाही, असे बंधन त्यांनी घालून घेतले. प, फ, ब, भ, म हे वर्ण वगळून रामकथा सांगावयाची, म्हणजे ‘राम’ हे नावही उच्चारावयाचे नाही! बंधन पाळले जाते, विद्वत्सभा थक्क होते. पण ज्याची कथा, त्याचे नावच कथेबाहेर राहते. उलट ‘केकावली’त कवी थेट ईश्वरापुढे उभा आहे. तेथेही पृथ्वी वृत्त डळमळत नाही. मात्र रचनेचे सारे कौशल्य आर्ततेच्या सेवेस लागले आहे. तेव्हा काटेकोरपणा हा दोष नाही. तो कोणासाठी, हा खरा प्रश्न होय.

बुऱ्हाणपुरात मराठी लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही हे शहर मध्य प्रदेशातच राहिले. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी. आपली मराठी पुण्या-मुंबईच्या वाचकास उणी वाटेल, ही धास्ती अशा लेखकाच्या मनात सहज घर करते. मग हिंदीचा आणि खानदेशी बोलीचा प्रत्येक स्पर्श तो खरवडून काढतो. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम पाळावेत, हे योग्यच. पण ते नियम शब्द कसा लिहावा एवढेच सांगतात, कोणता शब्द आपला मानावा हे सांगत नाहीत. वाक्य स्वच्छ होते आणि त्यातून गाव नाहीसे होते. निरोष्ठ रामायणातून रामनाम गेले, तसेच.

बुऱ्हाणपूर मागे टाकून तापी ज्या खानदेशात शिरते, तेथील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर आपल्या बोलीत त्यांनी जी गाणी रचली, त्यांच्यापुढे कोणतीही सभा नव्हती. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती ग्रंथरूपाने आली. त्यांतही शब्द सैल पडत नाही. पण ते माप पिकाने, चुलीने आणि सोसलेल्या दुःखाने घालून दिलेले आहे.

अध्यापकांनी वहीवर लाल शाई चालविताना हा भेद ध्यानी ठेवावा. एकही चूक नसलेला निबंध पूर्ण गुणांस पात्र ठरेल. परंतु त्यात लिहिणारा कोठेच सापडत नसेल, तर त्या निर्दोषतेत आपल्या धाकाचा वाटा किती, हेही एकदा तपासून पाहावे.