घड्याळापुरता खेळ

हैदराबादेत अफझलगंजहून नयापूल ओलांडून सालारजंग म्युझियममध्ये शिरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घड्याळ कुठंय? 'कुक अँड केल्व्ही' या कंपनीचं हे घड्याळ. त्यात एक लोहार सतत हातोडा मारत असतो. तास भरत आला की दार उघडून छोटा दाढीवाला पुतळा बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके घंटेवर देतो आणि परत जातो. दुपारी बाराला सर्वाधिक ठोके, म्हणून गर्दीही तेव्हा सर्वाधिक. नांदेड-लातूरकडची कुटुंबं असोत की जुन्या शहरातली पोरं, सगळे माना वर करून ठोके मोजतात.

ठरलेली वेळ, ताणलेली उत्सुकता, अनोळखी माणसांची सोबत आणि शेवटी बक्षीस, खेळाला आणखी काय लागतं? पण बारावा ठोका पडला की गर्दी पांगते. पुतळ्याला नेमक्या वेळी बाहेर कोण ढकलतं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी विचारायला लावतही नाही. आपल्या संग्रहालयांतल्या खेळाची आजची अवस्था नेमकी अशी आहे. लोक जमतात, रमतात, पण पाहणं सुरू व्हायच्या आत खेळ संपतो.

तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान १९४९मध्ये वारले. त्यांचा संग्रह १९५१मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि १९६८मध्ये मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आला. त्यात मुलांसाठी खेळण्यांचं दालनही आहे, पण खेळणी काचेआड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या जुन्या खेळांच्या वस्तूंचीही तीच गत. मूर्ती काचेआड ठेवली तरी मूर्तीच राहते. सारीपाट काचेआड ठेवला की उरतं नुसतं भरतकाम. खेळ वस्तूत नसतो, नियमांत आणि खेळणाऱ्यांत असतो.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान वरचे. त्यांच्याखाली मात्र निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का. शिवाय दिवसा डाव रामाच्या राजानं उघडायचा, रात्री कृष्णाच्या. पाटीवर हे वाचून कुणाच्या डोक्यात शिरणार? दोन डाव खेळले की शिरतं, आणि मग कपाटातल्या अस्सल संचातलं पानन् पान ओळखीचं वाटू लागतं. सावंतवाडीत असे संच आजही रंगवले जातात. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठाननं तर 'क्रीडा कौशल्य' प्रदर्शनांसाठी जुने पट कारागिरांकडून नव्यानं घडवून घेतले. अस्सल वस्तू काचेआड आणि तिची नक्कल हाती, एवढी साधी ही वाट आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५मध्ये बसमधून संग्रह गावोगाव नेला आणि २०१९मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडून प्रदर्शन रचण्याच्या कामात मुलांनाच सामील करून घेतलं. वस्तू निवडायची, तिच्याशेजारी काय ठेवायचं ते ठरवायचं, हा फार वरच्या दर्जाचा खेळ आहे.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल मात्र सावध राहायला हवं. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयानं २०१७मध्ये 'फादर अँड सन' हा खेळ काढला. कधी न भेटलेल्या पुरातत्त्वज्ञ बापाच्या शोधात मुलगा त्या संग्रहालयात येतो, अशी त्याची गोष्ट. खेळाचा काही भाग प्रत्यक्ष तिथं गेल्यावरच उघडतो. म्हणजे पडदा माणसाला वस्तूपर्यंत आणून सोडतो. उलट २०१६मध्ये 'पोकेमॉन गो' खेळणारे ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात शिरले, तेव्हा इथं खेळू नका अशी विनंती संग्रहालयाला करावी लागली. कुठं खेळायचं नाही हेही खेळ मांडणाऱ्याला कळायला हवं. आपल्याकडे खेळ म्हटलं की बहुधा सनावळीची प्रश्नमंजूषा पुढे येते. ती खेळाच्या कपड्यातली परीक्षाच.

माझी कसोटी एकच आहे: खेळानंतर माणूस त्या वस्तूपुढे जास्त वेळ थांबला का? सालारजंगमध्येच मेफिस्टोफिलीस आणि मार्गारेटा हा लाकडी जोडपुतळा आहे. समोरून ताठ उभा सैतान, मागच्या आरशात मान खाली घातलेली तरुणी. मुलांना एवढंच सांगावं: त्याचा अंगरखा कुठं संपतो आणि तिचा झगा कुठं सुरू होतो, ती रेघ शोधा. मग त्याच्यासारखं उभं राहा, नंतर तिच्यासारखं. तिथल्याच बेन्झोनीच्या 'व्हेल्ड रिबेका' या पुतळ्यापुढे विचारावं, संगमरवर एकच, मग चेहरा कुठला आणि बुरखा कुठला हे डोळ्यांना कशावरून कळतं? याला ना ॲप लागतं, ना मोठा निधी.

लागतो तो माणूस. 'हात लावू नका' म्हणणारे रखवालदार आपण प्रत्येक दालनात नेमतो. 'हे बघ, आता तू सांग' म्हणणारा मात्र क्वचितच. संग्रहालयांनी पुढचा पडदा विकत घेण्याआधी ही जागा भरावी. घड्याळापुढे जमणारी गर्दी पुतळा आत गेल्यावर आणखी पाच मिनिटं थांबली, तर त्या माणसाचा पगार वसूल झाला असं समजावं.