साक्षीदार पुष्कळ, विमान एकही नाही

सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर आज एक साफ फसलेली शोधमोहीम तपासूया. समजा, ती प्रस्ताव म्हणून आरआरसीसमोर आली आहे आणि समितीत तुम्ही बसलाय.

प्रस्ताव असा : दुसरं महायुद्ध संपताना ब्रिटिशांनी ब्रह्मदेशात खोक्यांत बंद असलेली कोरी स्पिटफायर लढाऊ विमानं जमिनीत पुरली. तीही ग्रिफन इंजिनाची मार्क १४, म्हणजे स्पिटफायरमधला तुलनेनं कमी बनलेला प्रकार. डेव्हिड कंडल या इंग्लिश शेतकऱ्यानं १९९६ मध्ये ही गोष्ट ऐकली आणि पुढची सोळा वर्षं तिच्यामागे घातली. विमानांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी म्यानमारच्या अध्यक्षांकडे विषय काढला. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या वॉरगेमिंग कंपनीनं पैसा दिला. जानेवारी २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ अँडी ब्रॉकमन यांच्यासह पथक यांगूनला उतरलं. युद्धकाळातली मिंगलाडोनची धावपट्टी म्हणजे आजचा तिथला विमानतळ. तिकडे उत्तरेत मिचिनाला एक खोकं सापडल्याची बातमी आली. आत कॅमेरा सोडला, तर गढूळ पाणी! फेब्रुवारीत कंपनीनं जाहीर केलं की इथं स्पिटफायर पुरलेली नाहीत.

हसू येतं ना? थांबा. आधी या प्रस्तावाचे आधार बघू. ते आपल्या प्रस्तावांपेक्षा फार वेगळे नाहीत.

पहिला आधार आठवणींचा. विमानं पुरताना पाहिल्याचं सांगणारे एकापेक्षा जास्त लोक होते. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. युद्धानंतर सैन्य बऱ्याच गोष्टी पुरतं, त्यामुळे खड्ड्यात खोकी जाताना कुणी पाहिलीही असतील. पण आत काय आहे हे त्याला कसं कळलं? डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं पन्नास वर्षांत एकमेकांत मिसळून जातं. मुलाखत घेताना हे दोन भाग सोडवून घेणं हे साक्षीदाराचं काम नाही, आपलं आहे.

दुसरा आधार यंत्राचा. जमिनीच्या सर्वेक्षणात खाली धातूसारखं काहीतरी दिसलं. यंत्र एवढंच सांगतं की इथं काहीतरी वेगळं आहे. त्या 'काहीतरी'ला स्पिटफायर हे नाव आपण देतो. आणि विमानतळाच्या जमिनीत केबल, पाइप, जुनं लोखंड नसेल तरच नवल.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि मोहिमेचा खरा निकाल तिथेच लागला. रंगून बंदरात माल उतरवून घेणाऱ्या हवाई दलाच्या तुकडीच्या नोंदी मिळाल्या. १९४५-४६ मध्ये तीन जहाजांतून तिच्याकडे आली अवघी ३७ विमानं. खोक्यांत स्पिटफायर एकही नाही. आलेल्यांपैकी बहुतेक १९४६ च्या शरद ऋतूत परत बाहेर पाठवलेली दिसतात. आता सांगा, ही नोंद वाचायला कुदळ लागते का? माझा मुख्य आक्षेप हाच. 'कुठे पुरली?' विचारण्याआधी 'आली होती का?' विचारायला हवं होतं.

याउलट ग्रीनलँड बघा. १५ जुलै १९४२ ला अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बर विमानं खराब हवामानामुळे तिथल्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली. 'आली होती का?' हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता. तरी शोधणारे अनेकदा रिकाम्या हातानं परतले. वरवरचं बर्फ झाडलं की विमान दिसेल असा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९८८ मध्ये ती सुमारे ८० मीटर खोल सापडली, हिमनदीबरोबर मूळ जागेपासून लांब सरकलेली. १९९२ मध्ये एक पी-३८ तुकड्या-तुकड्यांनी वर आणलं आणि २००२ मध्ये ते पुन्हा उडालं. अंदाज त्यांचाही चुकलाच, पण त्यांनी तो दुरुस्त केला. ब्रह्मदेशात काही सापडलं नाही तेव्हा कंडल यांचं म्हणणं पडलं की खणलं तेच चुकीच्या जागी. एवढ्या मोठ्या देशात चुकीच्या जागा कधी संपणार?

दुर्मीळ विमानं टिकतात ती बहुधा रोमांचक ठिकाणी नाहीच. हॉकर टायफून ३,३०० हून जास्त बनली, त्यांतलं एकच पूर्ण विमान आज शिल्लक आहे. ते १९४४ मध्ये चाचणीसाठी अमेरिकेला पाठवलं गेलं, तिथे गोदामात पडून राहिलं आणि १९६८ मध्ये एका हरिकेनच्या बदल्यात ब्रिटनला परतलं. म्हणजे वाचलं कशामुळे? लढाईत न गेल्यामुळे आणि नोंदीत राहिल्यामुळे. जे वाचलंय ते का वाचलं, हे तुमच्या हाती लागलेल्या प्रत्येक साधनाला विचारा.

हे सगळं शहाणपण मला उशिरा आलं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा पाया होता एका वाड्याच्या माळ्यावरचा दप्तराचा पेटारा. तीन जणांनी तो असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. आठ महिने फेऱ्या मारल्यावर कळलं की तिघांनाही ते एकाच मास्तरांनी सांगितलेलं. माझे साक्षीदार तीन नव्हतेच, एकच होता, आणि त्यानंही पेटारा पाहिला नव्हता. गाईडनी शांतपणे विचारलं, "पेटारा नाही हे तू कधी मान्य करणार होतास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्यानमारच्या पथकाला मात्र मी एक श्रेय देईन. पैसा आणि प्रसिद्धी पणाला लागलेली असताना 'नाही' हे उत्तर त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तोही निष्कर्षच असतो.

तेव्हा सिनॉप्सिस गाईडकडे पाठवण्याआधी शेवटच्या पानावर पेन्सिलनं एक ओळ लिहा : काय सापडलं, किंवा काय सापडलं नाही, तर मी माझं म्हणणं सोडून देईन? ती ओळ लिहिता आली नाही, तर सिनॉप्सिस आणखी आठवडाभर घरीच ठेवा.