तुरुंगातील उमेदवारी : ‘श्यामची आई’च्या घडणीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे बहुतांश लेखन नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत झाले, ही माहिती मराठी वाचकाला सुपरिचित आहे. या पाच दिवसांभोवती एक चमत्काराची कल्पना रूढ झाली आहे. हृदय भरून आले आणि पुस्तक उतरले, असे मानले की कलाकृतीच्या घडणीचा प्रश्नच उरत नाही. परिणामी एका पक्षाने या पुस्तकाची पूजा केली, तर दुसऱ्याने त्याला अश्रुप्रधान ठरवून बाजूस सारले. या पुस्तकामागे तुरुंगातच झालेली तीन वर्षांची लेखन-उमेदवारी आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उमेदवारीचे टप्पे

लेखनाची सवय गुरुजींना तुरुंगापूर्वीच लागली होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. रोज लिहिणे आणि ओळखीच्या वाचकासाठी लिहिणे, हे दोन्ही संस्कार तेथले. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना शिक्षा झाली आणि धुळ्याहून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तेथे दक्षिणेतील भाषांशी त्यांचा परिचय झाला व ‘तिरुक्कुरळ’चे मराठी रूपांतर त्यांनी हाती घेतले. १३३० द्विपदींचा हा नीतिग्रंथ मराठीत आणताना मोठा आशय थोड्या व सोप्या शब्दांत बसविण्याची कसोटी लागते. अनुवाद ही त्यांच्या तुरुंगातील लेखनाची पहिली शाळा म्हणता येईल.

दुसरी शाळा धुळ्याची. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले. बोललेला शब्द कागदावर उतरताना त्याचा जिवंतपणा टिकविणे, घरगुती दृष्टान्तातून विचार उलगडणे, श्रोत्याला एका बैठकीत झेपेल एवढाच भाग मांडणे, या गोष्टी लेखनिकाला ऐकता ऐकता आत्मसात होतात. या प्रवचनांनंतर आठ महिन्यांच्या आत ‘श्यामची आई’ लिहिली गेली, हा कालक्रम समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

रूपबंधावरील परिणाम

‘श्यामची आई’ची विभागणी प्रकरणांत नसून ‘रात्रीं’त आहे. आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर श्याम सांगतो आणि मंडळी ऐकतात. एका रात्रीला एक आठवण, हे प्रमाण प्रवचनाच्या बैठकीशी जुळणारे आहे. येथे लोकमान्य टिळकांशी तुलना उद्बोधक ठरते. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’मागे एकांत आणि ग्रंथांची सोबत होती, त्याची बांधणी शास्त्रग्रंथाची आहे. गुरुजींच्या वाट्याला सत्याग्रही कैद्यांचा सहवास आला. त्यांच्या पुस्तकाची बांधणी कथनाची झाली. तुरुंग दोघांनाही होता. कोणाला कागद, कोणाला पुस्तके, कोणाला श्रोते मिळाले यावर लेखनाचे रूप ठरत गेले.

या रूपबंधाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. आंघोळीनंतर पाय मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई दगडावर आपले वस्त्र पसरते, हा प्रसंग स्वतःच पुरेसा बोलका आहे. पायांप्रमाणे मनालाही जप, ही शिकवण आईच्या तोंडी येते तोवर ती प्रसंगाचाच भाग असते. निवेदक तिचा विस्तार करू लागला की प्रवचनकार कथाकारावर मात करतो. याउलट, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिमटीने मारून विहिरीवर पाठवते, त्या प्रसंगात माया आणि कठोरपणा यांचा ताण कृतीतूनच प्रकट होतो. पुस्तकाचे सामर्थ्य आणि दोष एकाच उगमातून, म्हणजे श्रोत्यांसमोर सांगण्याच्या वृत्तीतून, आलेले आहेत.

समारोप

वर्गात हे पुस्तक शिकविताना पाच दिवसांची कथा हमखास सांगितली जाते. तेवढीच सांगितली तर लेखन ही ईश्वरी देणगी आहे असा समज विद्यार्थी घेऊन जातो आणि लिहू इच्छिणारा सामान्य मुलगा स्वतःला त्यातून वगळतो. छात्रालयाचे दैनिक, ‘कुरळ’चे रूपांतर आणि धुळ्याचे लेखनिकपण त्या कथेला जोडले, तर पाच दिवसांचे महत्त्व कमी होत नाही, त्यांची पूर्वतयारी दिसू लागते. तुरुंगातील साहित्याचा अभ्यास त्यागाच्या गौरवापुरता न ठेवता लेखकाच्या रोजच्या सरावापर्यंत नेणे, ही आजच्या मराठी समीक्षेची गरज आहे.