चार शक्ती आणि एक शप्पथ

ससाण्याची नजर, लांडग्याचे कान, अस्वलाचे बळ आणि प्यूमाचा वेग. हे चारही एकाच माणसाच्या अंगी असावेत, त्याने नुसता पुकारा करावा आणि त्या त्या प्राण्याची शक्ती त्याच्यात उतरावी, ही कल्पना 'ब्रेव्हस्टार' या 1987 सालच्या अमेरिकी कार्टूनमालिकेची. न्यू टेक्सस नावाच्या परग्रहावरचा हा मार्शल, म्हणजे आपल्या बोलीत फौजदारच. वंशाने अमेरिकेचा मूळनिवासी, दिमतीला बंदूक चालवणारा आणि दोन पायांवरही उभा राहणारा घोडा. मालिका फिल्मेशन कंपनीची. दूरदर्शनवर 'ही-मॅन' पाहत वाढलेल्या पिढीला या कंपनीची रेषा नाव न वाचताही ओळखू येईल.

त्या रेषेचा एक गमतीचा गुण आधी न्याहाळून घेऊ. फिल्मेशनवाले काटकसरी, एकदा काढलेली चित्रे ते पुन्हा पुन्हा वापरीत. त्यामुळे शक्ती जागी होण्याचा क्षण अनेक भागांत जसाच्या तसा येतो. जाणकार याला दोष म्हणतील, आणि चित्रकलेच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण बालप्रेक्षकाच्या मनात या पुनरावृत्तीचे काहीतरी निराळेच होते. कीर्तनात आख्यान रंगात आले की आता गजर होणार हे श्रोत्याला ठाऊक असते आणि म्हणूनच तो टाळीसाठी हात सरसावून बसतो, तसे ते मूल त्या पुकाऱ्याची वाट पाहत बसते. पुकारा झाला की संकट टळणार, हा त्या मुलाचा आणि चित्रकाराचा अलिखित करार असतो.

'द प्राइस' या भागात हा करार मोडतो. जेय नावाचा एक मुलगा 'स्पिन' नावाच्या मादक पदार्थाच्या नादी लागतो. त्याचा मित्र ब्रॅड याला ते कळते, पण तो कोणाला सांगत नाही. सांगतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ब्रेव्हस्टार धावतो, पण जेय मरतो. मुलांच्या कार्टूनमध्ये एक मूल व्यसनाने मरते आणि अतिमानवी नायक हतबल होऊन उभा राहतो, असे त्या काळी जवळजवळ कोणी दाखवत नव्हते.

आता त्या चार शक्ती एकेक करून पुन्हा उजेडात धरू, कारण या भागाचे सारे सौंदर्य त्यांच्या निरुपयोगी होण्यात आहे. ससाण्याची नजर कोसभरावरचा दरोडेखोर टिपेल, पण आपल्याच गावातल्या मुलाच्या खिशात काय आहे ते तिला दिसत नाही. लांडग्याच्या कानांना दूरची चाहूल लागेल. गप्प बसलेल्या मित्राचे मौन मात्र कितीही तीक्ष्ण कानांना ऐकू येत नाही. अस्वलाचे बळ विक्रेत्यावर चालेल, व्यसनावर ते कुठे लावायचे? आणि सर्वांत क्रूर थट्टा प्यूमाच्या वेगाची, कारण सगळ्या ग्रहावर सर्वांत वेगाने धावणारा माणूसच इथे उशिरा पोचतो. संवादांत हे कुठेच उकलून सांगितलेले नाही, आणि लेखकाने सांगितले नाही हे किती बरे झाले! आपण आपले जुळवत बसतो आणि जुळत जाते तसतसे गलबलून येते.

मात्र माझे मन त्याहून अधिक रेंगाळते ते ब्रॅडपाशी. आपल्या शाळांतही हा प्रसंग घडतो, फक्त वस्तू बदलते. कुठे गुटख्याची पुडी, कुठे विडी. 'आईशप्पथ, कोणाला सांगणार नाहीस ना?' असे म्हणून गळ्याला चिमटा काढला जातो आणि सांगणारा चहाडखोर ठरतो. बालविश्वातला हा कायदा वाईट नाही. मैत्री नावाची गोष्ट मुले त्यातूनच शिकतात. म्हणून तर ब्रॅडचे गप्प राहणे भेकडपणाचे वाटत नाही, सद्गुणाचे वाटते, आणि त्याच सद्गुणाच्या हातून त्याचा मित्र मरतो. 'शक्तिमान'नेही 1997 पासून घरोघरच्या मुलांना हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आणि त्या प्रेमाने सांगितल्या. पण तिथे चुकलेले मूल शक्तिमानची क्षमा मागून मोकळे होई. ब्रॅडला क्षमा मागायला तो मित्रच उरलेला नाही.

रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरच्या मुलाला ही कथा दाखवली तर ती कशी पोचेल, असा विचार मनात येतो. जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. वीर पडतो आणि गड हाती येतो, हा शौर्यकथेचा साचा तिथल्या पोरांच्या अंगात लहानपणीच भिनतो. इथे साचा नेमका उलटा: वीर धडधाकट उभा आहे आणि जे राखायचे होते तेच गेले. शोकाचा हा प्रकार पोवाड्यात मावत नाही.

याच धारेतली दुसरी कलाकृती म्हणजे 'कॅप्टन प्लॅनेट' या कार्टूनमालिकेचा 1991 सालचा 'माइंड पोल्युशन' हा भाग. त्यातही एक तरुण जीव जातो, नायिका लिंकाचा चुलतभाऊ बोरिस. पण तिथे विष पसरवणारा आहे वर्मिनस स्कम, उंदराच्या तोंडाचा खलनायक. दुष्टाला असा चेहरा दिला की मुलांना बरे वाटते. कोकणातल्या शिमग्यात संकासुर अंगावर धावून आला की पोरे किंचाळत पळतात आणि लगेच हसत परत येतात, त्यातला आनंद असाच. पण 2025 च्या जुलैत महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून पोलिसांनी सुमारे 89 कोटी रुपयांचे केटामाइन जप्त केले, तेव्हा त्या पदार्थाला कुठला मुखवटा होता? केटामाइन हे मुळात भूल देण्याचे औषध, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले. एकच पदार्थ शस्त्रक्रियेच्या टेबलावर उपकारक आणि शहरातल्या पार्टीत घातक. स्कमला रंगवणाऱ्या कुंचल्याला हे पेलणारे नाही. या बाबतीत मला 'द प्राइस' उजवा वाटतो, कारण त्यात आपले लक्ष विकणाऱ्याच्या तोंडावर खिळत नाही. ते दोन मित्रांमधल्या जागेवर राहते.

ही जाण आपल्याकडे त्या कार्टूनच्या आधीच आली होती, हे ध्यानात घेतले की त्याची चव आणखी वाढते. पत्रकार अनिल अवचटांनी 'गर्द' या मादक पदार्थावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अवचटांच्या त्या लेखनात कोणी वीर नाही. आहेत ती पोखरली गेलेली पोरे, थकलेले आईबाप आणि त्यांच्याशेजारी बसून ऐकणारा एक माणूस. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ता नसताना, वर्षभराच्या अंतराने एक पत्रकार आणि एक कार्टून कंपनी एकाच जागी येऊन पोचली. अवचटांकडे मुळातच अस्वलाचे बळ नव्हते, त्यामुळे ते बाजूला ठेवण्याचे कष्ट त्यांना पडले नाहीत. फिल्मेशनला मात्र त्यासाठी स्वतःच्याच नायकाला हरवावे लागले, आणि तेही ज्याच्या नावावर खेळणी विकली जायची त्या नायकाला. धंद्याच्या दृष्टीने हे धाडस लहान नव्हते.